पडद्याबाहेरचा हात

जबाब देणार: दिवाणांच्या घरची थोरली सून, विधवा, वय वर्षे चौतीस, धंदा काही नाही, राहणार वरच्या आळीतील मोठे घर.

मी कोणी बोलावले नसताना स्वतः ठाण्यात हजर होऊन सांगते की,

वरील ठिकाणी मी दीर, जाऊ व नोकरमाणसांसह राहते. पुलावर भरदुपारी टपालगाडीच्या रखवालदाराचा खून झाला, त्याबद्दल आपल्या कोठडीत असलेली, खार या नावाने ओळखली जाणारी स्त्री माझ्या चांगल्या परिचयाची आहे.

ओळख कशी झाली असे विचारल्यावरून सांगते की, काही वर्षांपूर्वी तिने जंगलरस्त्यावर आमची गाडी अडवली. मी दागिने स्वतःच काढून दिले. घाबरत कशा नाही, असे तिने विचारले. परत घरी सोडणार असाल तर घाबरते, असे मी म्हणाले. तिच्या तोंडावर फडके होते, तरी ती हसली हे कळले. पुढे ते दागिने आमच्या बागेच्या भिंतीवर ठेवलेले मिळाले. त्यानंतर ती येत राहिली. सरकारने हत्यार टाकणाऱ्यांना माफी दिली, तेव्हा माझ्या सांगण्यावरून तिने आपले पिस्तूल याच ठाण्यात जमा केले.

पुलाचा गुन्हा तिच्यावर आला तो पद्धतीवरून. मारेकरी पुलाखालून दोराने, नुसत्या हातांच्या बळावर वर चढला, आणि या भागात तसे चढणारी एकच, असे लोक म्हणतात. ते खरे आहे. खार हे नाव त्यावरूनच पडले. परंतु त्या दुपारी ती माझ्या खोलीत होती व तिचा उजवा हात छातीशी बांधलेला होता. आदल्या दिवशी माझ्या खिडकीच्या पडद्याची दांडी बसवताना ती स्टुलावरून पडली होती. डोंगरकडे उतरणारी बाई स्टुलावरून पडली म्हणून मी आधी हसले. मग तिचा खांदा पाहिला.

आमच्या घरच्या रीतीप्रमाणे वैद्याने बायकांना पाहायचे नसते. दुखरा हात पडद्याच्या फटीतून पुढे करायचा आणि त्याने तो बाहेर बसून बसवायचा. माझाच खांदा निखळला असे सांगून मी त्याच दिवशी हाडवैद्याला बोलावले आणि पडद्यातून तिचा हात पुढे केला. हात बसवताना ती गप्पच राहिली, म्हणून ओरडले मी. वैद्य म्हणाले, "बाईसाहेब, हात अगदी घोडेवाल्याचा झालाय. घरात मोलकरणी नाहीत का?" वैद्यांनी माझा खांदा बसवल्याचे गावभर सांगितले आहे. त्यात त्यांचा दोष नाही.

आज मी इकडे निघाले तेव्हा माझे दीर म्हणाले, "वहिनी, ती फासावर गेली तर लोक चार दिवस बोलतील. तुम्ही तोंड उघडलंत तर या घराबद्दल जन्मभर बोलतील." मी म्हणाले, "बोलू देत, भावजी." त्यांनी गाडी जोडू दिली नाही. मी चालत आले.

ती कोणत्या नात्याने तुमच्या खोलीत होती, असे ठाणेदारांनी विचारले. खोलीत पलंग एकच आहे, असे मी सांगितले. कारकुनांनी लेखणी थांबवून ठाणेदारांकडे पाहिले. मी म्हणाले, "लिहा. त्यासाठीच आले आहे."

येथे जबाब थांबवून हाडवैद्यांना बोलावण्यात आले. तिला कोठडीतून आणले, आणि दारात चादर बांधून आम्हा दोघींना आतल्या बाजूला, एकमेकींकडे पाठ करून उभे केले. प्रथम मी हात बाहेर काढला. वैद्यांनी खांदा चाचपला आणि म्हणाले, "हा नव्हे. या हातानं कधी भरलेली बादली उचललेली नाही." मग तिचा हात घेतला. मी भिंतीकडे पाहत होते.

"हा मी बसवलाय," ते म्हणाले. "इथं जुन्या मोडीची गाठ आहे. दिवाणांच्या घरात ही कुठून आली, हे मला तेव्हाच कळेना. या हातानं महिनाभर दोर सोडा, वेणीसुद्धा घालता आली नसेल."

ती म्हणाली, "वेणी मला हीच घालून द्यायची. आणि वैद्यबुवा, जरा हळू. ओरडणारी आज फार दमली आहे."

ठाणेदारांनी तिच्या दुसऱ्या हातातली बेडी काढायला सांगितली. मला सकाळीच खुर्ची दिली होती, तिच्यावर मी तेव्हा बसले. पाणी मागितले. पेला तिने माझ्या तोंडाशी धरला.

यापेक्षा अधिक काही सांगायचे नाही. कारकुनांनी लिहिलेले सगळे मला मोठ्याने वाचून दाखवले. एके ठिकाणी 'आश्रय दिला' असे होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'सोबत राहत होतो' असे केले आहे. बाकी मी बोलले तसेच आहे, म्हणून सही करते. वरच्या आळीत परत जाणार नाही. नवे ठिकाण ठरले की दोघी येऊन कळवू.