बागेच्या गेटवरची पाटी

पुण्याच्या पाट्यांना हसता ना तुम्ही, मग आमच्या अविनाशचं ऐका. नोएडाच्या आमच्या युनिव्हर्सिटीत आधी इमारती उभ्या राहिल्या, मग बाग झाली. बागेच्या कमिटीवर माझा हा पुणेकर नवरा. त्याने गेटवर स्वतःच्या नावाने हिंदीत नियमांची लांबलचक पाटी लावली. पहिलाच नियम, आत सायकल आणायची नाही.

चार-पाच वर्षांनी कॅम्पसवर सायकलींचं वेड आलं. ट्रॅक आखायचं कामही यालाच मिळालं. याने हॉस्टेलपासून लायब्ररीपर्यंतचा ट्रॅक थेट बागेतून काढला. पाटीचं याच्या डोक्यातून साफ गेलं होतं.

उद्घाटनाला हेल्मेट घालून हाच पुढे, मागे सगळी मुलं. गेटवर गार्डने हात आडवा केला.

"सर, साइकिल अंदर नहीं जाएगी."

"अरे यार, ये ट्रैक मैंने ही बनवाया है. पहचाना नहीं?"

"बिल्कुल पहचाना, सर." गार्डने शांतपणे पाटीच्या शेवटच्या ओळीवर काठी टेकवली. "पर आपने ही लिखवाया है, अपनी पहचान बताकर छूट न माँगें."

सायकल ट्रॅकचं उद्घाटन आम्ही चालत केलं.