बुटाच्या नाडीवर चालणारी रायफल

...आणि वर आम्हालाच विचारतात, "तुम्हाला रायफल धरता येत नाही का?" अहो, निम्मी नोकरी रायफल धरण्यात गेली माझी! लग्नाच्या फोटोतसुद्धा हात तसाच आलाय, बायको अजून हसते!

तुम्हाला सांगतो, ही नवी रायफल दिसायला देखणी, नाही कोण म्हणतंय? पण मॅगझिन, म्हणजे ती गोळ्यांची पेटी हो, ती काढायचं बटण कुठं दिलंय? नेमकं छातीला घासेल तिथं! गळ्यात अडकवली, चार पावलं टाकली की खट्... मॅगझिन जमिनीवर! आमच्या तुकडीतल्या पैलवानाला तर चालायचीही गरज नाही, त्यानं नुसता श्वास घेतला की खट्!

तक्रार केली, तर ज्या कचेरीनं ही रायफल घडवली तिथले एक तज्ज्ञ आले. रायफलीला बोटही न लावता नाकातून म्हणाले, "दोष रायफलीत नाही, हाताळण्यात आहे. श्वास पोटातून घ्या."

बरं, तेल घातलं तर धूळ चिकटते, न घातलं तर गोळी आत अडकून बसते, करायचं काय माणसानं? तज्ज्ञ म्हणाले, "धूळ टाळा." धूळ टाळा! म्हणजे शत्रूवर रांगत जायचं ते काय सतरंजी अंथरून? पण नाही! दोष रायफलीत नाही, हाताळण्यात आहे!

आता माझी अडचण ऐका. घरी मुलगी झालीय मला. अजून तोंड पाहिलं नाही हो तिचं, जीव नुसता तुटतोय! आणि कॅप्टनसाहेब म्हणतात, "मोठे साहेब पाहणीला येतायत. एक जरी मॅगझिन पडलं तर सगळ्यांची रजा बंद! नाही पडलं तर पहिली रजा तुझी."

झालं! सगळे डोकं धरून बसलो. पैलवान म्हणाला, "बांधून टाकू." अरे, पण कशानं? बराकीत दोरीचा तुकडा नाही... आणि मग सगळ्यांनी एकदमच खाली पाहिलं. बुटांच्या नाड्या! काळ्या रायफलीवर काळी नाडी, कोणाच्या बापाला दिसतेय?

पाहणीच्या दिवशी शिट्टी झाली, आम्ही जे सुटलो... एक मॅगझिन हललं नाही, तुम्हाला सांगतो! फक्त बूट तेवढे मागं राहिले. पैलवानाचा एक उडाला तो थेट साहेबांशेजारी बसलेल्या तज्ज्ञांच्या मांडीवर! आम्ही मोज्यांवर पळतोय, काटे टोचतायत, पण रायफल सलामत!

मोठे साहेब गंभीर झाले. "रायफल उत्तम आहे. बूट मात्र अगदीच सुमार!" तज्ज्ञ मांडीवरचा बूट उचलून म्हणतात कसे, "मी सांगत नव्हतो? दोष रायफलीत नाही!" तोंड दाबून बुक्क्यांचा मार!

पण जाऊ दे, म्हटलं, रजा तर मिळाली! बॅग भरली, एवढंसं झबलं घेतलं... आणि नवे बूट आले हो! पट्ट्यांचे! औषधाला नाडी नाही! जुने जमा करून घेतले, नाड्यांसकट. वर हुकूम, "नव्या बुटांत पुन्हा पाहणी. तोवर रजा कोणालाच नाही."

बायकोचा फोन आला, "कधी येताय? पोरगी अगदी तुमच्यासारखी दिसते हो." म्हटलं, "तिचा फोटो पाठव... आणि घरात परकराच्या नाड्या असतील तेवढ्या सगळ्या पाठव."

ती घाबऱ्या आवाजात म्हणाली, "तुम्ही बरे आहात ना? थांबा, सासूबाईंना फोन देते."

म्हटलं, दे बाई... आईकडं जास्त असतील.