फिकट करडा

—नाही, ‘छान दिसतंय’ हे उत्तर नाही. मी विचारलं काय? आजारी माणसाने दवाखान्याच्या वेबसाइटचं हे पान उघडलं तर त्याची नजर आधी कुठे जाईल? सांग ना. आठ दिवस झाले तुला रुजू होऊन, तोंडाला कुलूप लावलंय का? मीच सांगते – या फुलाकडे जाईल. फुलाकडे! गुडघे धरून आलेल्या म्हातारीला फूल कशाला हवंय रे? आणि अक्षरांचे हे टाइप किती – पाच? एक ना धड, भाराभर चिंध्या. शीर्षक इकडे, मजकूर तिकडे, डॉक्टरांचं नाव एका टोकाला नि त्यांची वेळ दुसऱ्या टोकाला – जे एकत्र वाचायचं ते जवळजवळ ठेवावं, एवढंही कोणी शिकवलं नाही? पदवी आहे म्हणे तुझ्याकडे. ती पदवी देणाऱ्यांना एकदा भेटायचंय मला.

उभा का? बस. आणि वहीत लिहू नकोस, पानाकडे बघ. हा नंबर – तातडीचा – पार तळाशी, तोही फिकट करडा, पांढऱ्यावर. का? ‘वर भडक दिसतो.’ भडक! अरे, तो भडकच दिसायला हवा! सगळंच मोठं केलं तर काहीच मोठं राहत नाही, मान्य. म्हणून तर एकच गोष्ट मोठी करायची, बाकीच्यांनी गप्प बसायचं. भोवती मोकळी जागा सोडायची. तुझं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

काय म्हणालास? भिंतीवरच्या त्या बक्षिसाच्या पानावरही करडाच आहे? हो. आहे. ते पान माझंच, तेही हॉस्पिटलचंच. नीट बघितलंस म्हणजे – इथे मात्र डोळे उघडे असतात तुझे. बक्षीस मिळालं तेव्हा मी बाबांना इथे ऑफिसात आणून दाखवलं होतं. माझे बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे, चाळीस वर्षं, हाताने. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, म्हणाले, “अक्षर फिकं आहे गं. रस्त्याच्या पलीकडून वाचता येणार नाही.” मी हसले. म्हटलं, “बाबा, हे काय रस्त्याच्या पलीकडून वाचतात का?” सगळ्यांसमोर हसले. तेही हसले, बिचारे.

मग? मग काय, पुढच्याच वर्षी बाबा न्हाणीघरात पडले. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. घरी ताई एकटी, माझी थोरली बहीण. तिने त्याच हॉस्पिटलचं पान उघडलं – जवळ होतं ना, दोन गल्ल्या सोडून, त्यांची अँब्युलन्स पाच मिनिटांत येते. तातडीचा नंबर तळाशी होता, मी ठेवलेला. तिचा चष्मा सापडत नव्हता. तिला दिसलं एकच – मोठं निळं बटण, ‘वेळ घ्या’. मीच केलेलं, इतकं देखणं! तिने ते दाबलं, फॉर्म भरला – नाव, वय, तक्रार – आणि खाली आलं, ‘आम्ही लवकरच संपर्क साधू’. म्हणून ती थांबली. फोन हातात धरून, बाबांचं डोकं मांडीवर घेऊन, पाऊण तास थांबली. शेवटी शेजाऱ्यांनी गाडीत घालून नेलं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

आहेत. जिवंत आहेत. बोलता येत नाही. ब्रश देऊन बघितला, बोटांतून सुटतो.

आणि ताई – ती अजूनही म्हणते, “मीच वेंधळी गं, मलाच नंबर सापडला नाही. दुसरी कुणी असती तर सापडला असता.” सहा वर्षं म्हणतेय. जेवताना म्हणते, बाबांचं अंग पुसताना म्हणते. आणि मी – मी तिच्या पाठीवरून हात फिरवते. म्हणते, “तुझी काय चूक, ताई.”

काय?

... नाही.

नाही सांगितलं. पान कुणी केलं ते तिला ठाऊकच नाही.

बघतोस काय असा? मी तुझं मत विचारलं होतं का? कामाचं बोलत होतो आपण, कामाचंच – ऊठ. ऊठ म्हटलं ना. लॅपटॉप घे तुझा, आणि बाहेर कुणाला—

जा.