यांची गूळतुला

आमच्या यांचं बीपी वाढलं ना, तेव्हा फ्रीगंजचे डॉक्टर मला म्हणाले, "माताजी, पहले वजन कम करवाइए, बीपी अपने आप उतरेगा." मी शाळा चौथीपर्यंतच पाहिली, पण मशीन आणून दंडाला पट्टा बांधायला माझी मी शिकले. आणि देवाला बोलले, बीपी ताब्यात आलं की यांची गूळतुला करीन.

तेव्हापासून तुपात बुडवलेले कणकेचे बाफले बंद, तूप बंद, पहाटे चालणं सुरू. हे कुरकुरायचे, "गुळानं तोलायचं आणि आधी माणूस वाळवायचा? देवाशी काटकसर करतेस तू."

"देवाला गूळ कमी पडला तरी चालेल, मला तुम्ही हवेत," मी म्हणायची.

शेवटी बीपी उतरलं. देवळात हे पारड्यात बसले, तर गूळ खाली आणि हे वर लटकलेले. मुलानं ढेपा जुन्या वजनाच्या हिशेबानं आणल्या होत्या.

पंडितजी म्हणाले, "माताजी, थोड़ा गुड़ उतार लूँ?"

"रहने दो. तेवढा यांनी घाम गाळलाय."

वरून हे म्हणाले, "पंडितजी, अगली बार इनको बिठाना है. हिच्यासाठी मीही बोललोय देवाला. वजन हिचंही वाढलंय, पण ही माझाच दंड धरून बसते, स्वतःचं बीपी बघतच नाही."

चारचौघांत मी कुणाचं ऐकून घेत नाही. घरी आल्यावर मात्र गुपचूप हात पुढे केला. यांना पट्टा काही बांधता येईना.

"उलटा लावलात," मी म्हणाले, पण हात काढून घेतला नाही.