मीठ सोडलं, तरी जहाज बोलेना

आता बोलली नवस तर बोलली, माघार कशी घेऊ, तुमीच सांगा बायांनो... बासरच्या सरस्वतीसमोर पदर पसरून मी म्हटलं होतं, माय, माझ्या हर्षालीचा अँटेना जहाजावरून नीट बोलू लागेपर्यंत आमच्या घरात मिठाचा कण शिजणार नाही. मीठच काऊन? तर आमची हर्षाली हैदराबादेत नौदलाच्या जहाजांचे अँटेना आखते, समुद्रातून किनाऱ्याशी बोलायचे, अन् तिनंच सांगितलं होतं, "आई, समुद्राचं मीठ अँटेनाच्या बुडाशी बसते अन् आवाज खाऊन टाकते." मी म्हटलं, तिथलं मीठ आपल्या हातात नाही, इथलं तर आहे. देवीला भाव कळते.

आता आमचे हे, लक्ष्मणराव, यांचं किराण्याचं दुकान. दुकानात मिठाच्या थप्प्या अन् ताटात अळणी पिठलं. पहिला घास घेतला की डोळे मिटतात. मी विचारलं, नामस्मरण करून राह्यले का? म्हणतात, "नाही, चव आठवून राह्यलो." असू द्या, देवीला भाव कळते.

तर परवा त्या अँटेनाची परीक्षा होती. तीन वर्षांचं काम पोरीचं. ती स्वतः जहाजावर, खोल समुद्रात, अन् तिची मैत्रीण तेजस्विनी किनाऱ्यावर कान लावून. दर तासाला जहाजावरून आवाज यायला पाहिजे. चुकला, तर दुरुस्तीला अर्धा तास, तेवढ्यात नाही बोललं तर हर्षालीचा आराखडा बाद, अन् डोलकाठीवरची जागा दुसऱ्याच्या अँटेनाला. तेजस्विनीनं मला एवढंच कळवायचं ठरलं होतं, आला की नाही आला.

नऊला आला. दहाला आला, अकराला आला. मी देव्हाऱ्यासमोर फोन ठेवून बसलेली, फोनलाही हळदकुंकू लावलेलं. बारा वाजले... बारा पाच... फोन वाजला. "आंटी, आवाज नै आ री. टेन्शन नै लेना." आता टेन्शन नाही घ्यायचं तर घ्यायचं काय? एवढं मीठ सोडलं, मग माझ्या घरात चुकलं कोण?

तेवढ्यात हे जेवायला आले. सकाळीच माल आणायला इचोड्याला गेले होते. पाटावर बसले, अन् अळणी वरण पाहून चेहरा पडला नाही. इथंच मला शंका आली.

"इचोड्याला काय खाल्लं?"

"काही नाही."

"देवीकडे बघून सांगा."

हे पंख्याकडे बघतात.

"अवं, एक मिरचीभजं."

"वरून मीठ?"

"ढाबेवाल्यानं भुरभुरलं, मी सांगितलं नव्हतं."

"एकच खाल्लं?"

"...एक प्लेट."

तिकडं पोरगी समुद्रात, इकडं बाप प्लेटभर मीठ खाऊन मांडी घालून बसलेला. घड्याळात बारा वीस. ओढत मोरीवर नेलं, म्हटलं, चुळा भरा. तीन भरल्या. म्हटलं, अजून. कळशी संपेपर्यंत भरायला लावल्या. हे गुळण्या करता करता म्हणतात, "अवं, इतक्या दूर माहं भजं कसं पोचंन?" मी म्हटलं, आवाज पोचते तर भजं काऊन नाही पोचणार? देवीला भाव कळते, तसं भजंबी कळते.

बारा सत्तावीसला फोन. "आंटी, आ गई. एकदम साफ." मी लगेच देवीपुढं दिवा लावला.

संध्याकाळी किनाऱ्याला लागल्यावर हर्षालीचा फोन आला, गळा बसलेला. "आई, बुडाशी मीठ साचलं होतं गं. जहाज हेलकावे खाऊन राह्यलं होतं, मीच पाइप घेऊन वर चढले, गोड्या पाण्यानं धुतलं, पुसलं, अन् लगेच बोलायला लागलं."

"किती वाजता धुतलं, बाई?"

"बारा वीस झाले असतील. काऊन?"

हे जेवत बसले होते, मी यांच्याकडे पाहिलं. हे जमिनीकडे पाहून राह्यले.

म्हटलं, मग झाली ना पास? म्हणे, "परीक्षा पास, आई. पण पक्की मंजुरी नाही. आता वर्षभर अँटेना जहाजावर राहील, पावसाळा, वादळं, सगळं काढलं तरच."

वर्षभर. यांनी हातातला घास ताटात ठेवला.

आता बघा, देवीला भाव कळते, पण समुद्र केवढा अन् आमचं घर केवढं, दोन माणसांच्या मिठानं किती आवरणार? म्हणून हात जोडते तुमाला, शुक्रवारी एक वेळ तुमीबी मीठ सोडा. अन् घरच्या माणसांना आधी सांगू नका, नुसतं वाढा. विचारलंच, तर म्हणा, टाकायचं राहून गेलं.