सोलरची प्लेट आणि उधळलेली म्हैस
सोलरचं नाव काढलं की माझ्या अंगावर अजून काटा येतो बघा. राजूरच्या वर डोंगरात आमचा गोठा. वीज नव्हती, पहाटे धार काढताना उजेड हवा म्हणून नव्वदच्या दशकात सोलरची प्लेट आणली. मी ती अंगणात उभी करतोय तोच ऊन चमकून म्हशीच्या डोळ्यांत गेलं. म्हैस उधळली ती थेट कड्याकडे, आणि दावं आईच्या हातात!

"आये, दावं सोड!" मी ओरडत धावलो. आई फरफटत चालली, पण सोडेना. अगदी कड्याच्या तोंडाशी मी दावं पकडून उंबराला वेढा मारला, तेव्हा म्हैस थांबली. आईचं मनगट सोलून निघालं होतं.

"दावं का न्हाई सोडलंस?" मी विचारलं.

आई धापा टाकत म्हणाली, "गाभन हाय रं ती."