रिपोर्ट येईपर्यंत

नर्सेसच्या खोलीचं दार लोटून ती गणवेशातच खिडकीशी उभी राहिली. डाव्या अंगठ्याला पट्टी, उजव्या हातात फोन. तान्ही लेक घरी ताईकडे होती.

"हां ताई, बोल… हो, येतंय ऐकू तिचं रडणं… अगं, घरी येऊन काय करू? आले तरी पाजता यायचं नाही मला.

सुई टोचली गं. वापरलेली… होते, हातमोजे होते हातात. सुईला त्याचं काय? ट्रेमधल्या कापसाखाली कुणीतरी तशीच ठेवलेली. सुयांच्या डब्यात टाकायची, ते राहिलं… कोणी ते आता विचारून काय होणार, ताई?

हो, लगेच धुतलं. साबण लावून, नळाखाली. गोळ्याही सुरू केल्या… त्या पेशंटचं रक्त तपासायला गेलंय, माझंही गेलंय. संध्याकाळी कळेल. तोवर अंगावर पाजू नका म्हणाले डॉक्टर.

नाही गं, लागण होईलच असं नाही. बहुतेकांना काही होत नाही… मी कुठे रडतेय? तू आधी तिचं बघ.

बाटलीला तोंडच लावत नाही? मग वाटी-चमचा घे… थुंकते? मानेखाली हात दे, जरा उभी धर… हो, हो, तू करतेच आहेस, मी काही म्हणाले का?"

पलीकडचं रडणं चढलं तसा तिला पान्हा फुटला. गणवेश पुढून ओला झाला. तिने टॉवेल छातीशी धरला.

"काढून ठेवू कसं, ताई? आत्ताच वाटीभर बेसिनमध्ये ओतलं… नाही चालत. एकदासुद्धा नाही… मला का हौस आहे?

जरा फोन लाव तिच्या कानाला… चिमे, ए चिमे… उगी, माझी बाय ती, उगी…

गप्प झाली? मग दे, आता दे चमचा… का? काय करतेय?… फोनला तोंड लावतेय?

काढ. काढ फोन तिथून… हो, ऐकतेय मी. आधीपेक्षा जास्त रडतेय… माझ्या आवाजाने. बरोबर आहे तुझं.

नाही बोलत मी. तू तिला घेऊन आतल्या खोलीत जा… हो, ठेवते… ठेवते म्हटलं ना…

ताई, तूच ठेव. माझ्याने ठेववत नाही."

ताईने फोन ठेवला.